व्हर्जेन्सच्या तुरुंगातून कोणाची सुटका झाली नव्हती

भानगडीत सापडलेल्या पुढाऱ्याकडे, मग पक्ष कुठलाही असो, एक वाक्य कायम तयार असतं : आमचा निकाल जनतेच्या न्यायालयात लागला आहे. सभेत त्याला टाळ्या पडतात. या वाक्याला विद्वत्तेची झालर लावायची असेल, तर अमेरिकेच्या सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट फार उपयोगी पडते. व्हरमाँट हे डोंगराळ, छोटं राज्य. साल १७९८. तिथला काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन याला राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्सवर टीका केल्याबद्दल चार महिन्यांची कैद होते, आणि तो आत असतानाच मतदार त्याला जवळपास दुप्पट मतांनी पुन्हा निवडून देतात. कोर्टानं डांबलं, जनतेनं सोडवलं.

डांबलं हे खरं. सोडवलं हे खोटं, आणि ते खोटं आहे हे कळायला साधं कॅलेंडर पुरतं.

लायनला शिक्षा झाली ऑक्टोबर १७९८ मध्ये. निवडणुकीची दुसरी फेरी झाली डिसेंबरमध्ये. लायनला ४,५७६ मतं पडली, त्याच्या खालोखालच्या सॅम्युअल विल्यम्सला २,४४४. निकाल लागला आणि लायन होता तिथंच राहिला, व्हर्जेन्स गावच्या कोठडीत. शिक्षेतला एक दिवस कमी झाला नाही, दंडातला एक सेंट माफ झाला नाही. ९ फेब्रुवारी १७९९ रोजी मुदत भरली, एक हजार डॉलर दंड आणि खटल्याच्या खर्चाचे ६० डॉलर ९६ सेंट चुकते झाले, तेव्हा दार उघडलं.

बाहेर पडल्या पडल्या त्यानं मोठ्यानं जाहीर केलं की आपण फिलाडेल्फियाला निघालो आहोत. फिलाडेल्फिया ही तेव्हाची राजधानी. जमलेल्या समर्थकांना ही घोषणा वाटली असेल; खरं तर तिचा रोख सरकारी मार्शलकडे होता. तुरुंगातून लिहिलेल्या मजकुराबद्दल लायनवर नवा खटला भरला जाणार अशी कुजबुज होती, आणि अमेरिकेच्या घटनेनुसार अधिवेशनाला निघालेल्या सदस्याला देशद्रोह, गंभीर गुन्हा आणि शांतताभंग सोडून इतर कारणासाठी वाटेत अटक करता येत नाही. साडेचार हजारांवर मतं पाठीशी असलेल्या माणसानं आडोसा घेतला तो कलमाचा. हे त्याच्या हुशारीला धरूनच होतं.

आणि ते संरक्षणसुद्धा डिसेंबरच्या विजयानं मिळवून दिलेलं नव्हतं. त्या विजयातून मिळालेली मुदत सुरू व्हायची होती ४ मार्च १७९९ ला. फेब्रुवारीत तो सदस्य होता तो आधीच्या निवडणुकीच्या, म्हणजे १७९७ पासूनच्या जागेच्या बळावर. तेव्हा त्याला पुढं आत टाकणाऱ्या राजद्रोहाच्या कायद्याचं कोणी नावही काढलेलं नव्हतं. तुरुंगातून जिंकलेली प्रसिद्ध निवडणूक तुरुंगाच्या दाराशी लायनच्या काडीच्याही कामाची नव्हती.

आता हा माणूस कोण, हे पाहिलं पाहिजे. कारण गोष्ट सांगणारे त्याला हटकून गरीब बिचारा करून टाकतात. लायन आयर्लंडचा. १७६४ मध्ये पोरसवदा वयात अमेरिकेला आला तो जहाजाचं भाडं मजुरी करून फेडायच्या करारावर. हा करार पुढं बैलांच्या एका जोडीच्या मोबदल्यात दुसऱ्या मालकाकडे गेला, आणि ज्या बैलांनी मला सोडवलं त्यांची आण, अशी शपथ लायन आयुष्यभर मिरवत राहिला. सुरुवात गरिबीची होती यात वाद नाही. पण १७९८ सालचा लायन फेअर हेवन गावाचा संस्थापक होता. लोखंडाचा कारखाना, लाकूड कापायची गिरणी, कागदाची गिरणी, छापखाना एवढं सगळं त्याचं होतं. राज्याचा पहिला गव्हर्नर थॉमस चिटेंडन त्याचा सासरा. तुरुंगात टाकल्यावर त्याचा आवाज बंद झाला नाही याचं कारण त्याच्या लोकप्रियतेत शोधण्याआधी या छापखान्यात शोधावं. ‘द स्कर्ज ऑफ अ‍ॅरिस्टॉक्रसी’ हे त्याचं नियतकालिक ऑक्टोबर १७९८ मध्येच सुरू झालं, मुलगा जेम्स ते छापत होता, आणि उमेदवार कोठडीतून मजकूर पाठवत होता. ज्याच्याकडे ना कागद ना खिळे, असा एखादा शेतकरी त्याच गुन्ह्यासाठी आत गेला असता तर त्याचं नाव आज कोणी घेतलं असतं का?

सभ्य गृहस्थही तो नव्हता. ३० जानेवारी १७९८ रोजी प्रतिनिधीगृहात कनेक्टिकटच्या रॉजर ग्रिसवोल्डनं त्याच्या लष्करी नोकरीतल्या एका जुन्या बदनामीवरून टोमणा मारला, तेव्हा लायन त्याच्या तोंडावर थुंकला. हकालपट्टीचा ठराव आला. ५२ मतं बाजूनं, ४४ विरोधात; दोन तृतीयांश हवी होती, ती भरली नाहीत. मतांनी काम झालं नाही म्हणून १५ फेब्रुवारीला ग्रिसवोल्ड काठी घेऊन आला आणि सभागृहातच त्यानं लायनला झोडपायला सुरुवात केली. लायननं शेकोटीचा चिमटा उचलला. या मारामारीचं व्यंगचित्र तेव्हा खूप गाजलं, आणि आजही अमेरिकी शालेय पुस्तकांत लायन बऱ्याचदा हातात चिमटा घेऊनच भेटतो.

कायदा या घटनेनंतर पाच महिन्यांनी आला. फ्रान्सशी समुद्रावर जवळपास युद्धच पेटलं होतं. अ‍ॅडम्सच्या फेडरलिस्ट पक्षाला देशात फितूर दिसत होते, आणि जेफरसनच्या रिपब्लिकन पक्षाला फेडरलिस्टांत राजेशाही दिसत होती. (या रिपब्लिकनांचा आजच्या त्याच नावाच्या पक्षाशी संबंध नाही.) राजद्रोहाचा कायदा प्रतिनिधीगृहात ४४ विरुद्ध ४१ मतांनी मंजूर झाला आणि १४ जुलै १७९८ रोजी त्यावर अ‍ॅडम्सची सही झाली. सरकार, काँग्रेस किंवा राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटं, बदनामीकारक आणि द्वेषमूलक लिहिणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड. उपराष्ट्राध्यक्षाला मात्र या कायद्याचं छत्र नव्हतं. उपराष्ट्राध्यक्ष होता जेफरसन. आणि कायदा आपोआप संपणार होता ३ मार्च १८०१ ला, अ‍ॅडम्सच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी. सत्ता हातची गेलीच तर हे हत्यार आपल्यावर उलटू नये, याची तजवीज कायद्यातच करून ठेवली होती.

फेडरलिस्टांची बाजूही नीट मांडायला हवी, कारण ती बहुधा मांडलीच जात नाही. त्यांचं म्हणणं असं की आमचा कायदा इंग्लंडच्या जुन्या कायद्यापेक्षा उदार आहे. लिहिलेलं खरं आहे असं सिद्ध केलं तर आरोपी सुटतो, आणि निर्णय ज्यूरीच्या हाती असतो. टिळकांच्या खटल्यांमुळे मराठी वाचकाला राजद्रोह हा शब्द चांगला ओळखीचा आहे, त्याला या सवलतीचं मोल कळेल. कागदावर ती सवलत मोठीच होती.

लायनचा खटला चालला त्या रटलंडच्या न्यायालयात तिचं काय झालं? लायनवरचा मुख्य आरोप त्यानं एका वर्तमानपत्राला लिहिलेल्या पत्राबद्दल होता. अ‍ॅडम्सला थाटामाटाची, खुशामतीची आणि पैशाची हाव आहे, असा त्या पत्राचा आशय. पत्रावर तारीख होती २० जून, म्हणजे कायद्याच्या आधीची. छापून आलं ते जुलैच्या अखेरीस, कायद्यानंतर. आता हाव खरी की खोटी हे सिद्ध करायचं कसं? लायन स्वतःच स्वतःचा वकील होता. त्यानं सरळ न्यायाधीशालाच प्रश्न केला : आपण राष्ट्राध्यक्षांकडे जेवायला जात आलात, तिथला हास्यास्पद डामडौल आपल्या डोळ्यांनी पाहिला नाहीत का? न्यायाधीश विल्यम पॅटरसननं उत्तर दिलं की आपल्याला तिथं साधेपणाच दिसला. खऱ्याखोट्याचा निवाडा म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या जेवणाच्या टेबलावर काय मांडलं होतं याची चौकशी! मत हे खरं किंवा खोटं ठरवता येत नाही. उदार कायद्याची उदारता तिथंच संपते. हा पॅटरसन म्हणजे १७८७ च्या घटनापरिषदेत छोट्या राज्यांना मोठ्यांच्या बरोबरीचं स्थान मिळावं म्हणून न्यू जर्सीची योजना मांडणारा गृहस्थ. छोट्या राज्याचा कैवारी छोट्या राज्याच्या प्रतिनिधीला तुरुंगात पाठवत होता, पण इतिहासाला असल्या विसंगतीचं काही वाटत नाही.

रटलंडमध्ये तुरुंग असूनही मार्शलनं लायनला चाळीस-एक मैल दूर व्हर्जेन्सला नेलं. सोळा फूट बाय बारा फुटांची खोली, शेकोटी नाही, खिडकीला गज, आणि व्हरमाँटचा हिवाळा. समर्थकांच्या डोक्यात तुरुंग फोडायचा बेत होता; लायननंच त्यांना आवरलं. त्याला चांगलं कळत होतं की फोडलेल्या तुरुंगातला लायन हा पळालेला कैदी ठरेल, आणि मतं पळालेल्या कैद्याला पडत नाहीत.

‘जनतेच्या न्यायालया’चे वकील आता म्हणतील : ठीक आहे, मतांनी दार उघडलं नसेल, पण जनतेनं त्याला निर्दोष तर ठरवलं? कोणत्या आरोपातून? पत्र मी लिहिलं नाही असं लायननं कधी म्हटलंच नाही. लिहिलं, हे सगळ्या व्हरमाँटला माहीत होतं. मतपत्रिकेवर ना आरोप होता ना कायदा. होता फक्त एक प्रश्न : पश्चिम जिल्ह्याची जागा कोणाला द्यायची? शिवाय लायन अटकेमुळे एका रात्रीत हिरो झाला, हेही नीट बसत नाही. व्हरमाँटमध्ये निम्म्याहून जास्त मतं मिळाल्याशिवाय कोणी निवडून येत नसे. सप्टेंबरच्या पहिल्या फेरीत कोणालाच ती मिळाली नाहीत, म्हणून डिसेंबरची फेरी घ्यावी लागली. त्या पहिल्या फेरीत, म्हणजे अटकेपूर्वी, सगळ्यांत पुढे लायनच होता. तुरुंगानं त्याची मतं वाढवली असतील, पण आघाडी तुरुंगानं दिलेली नव्हती.

मग ती कशानं दिली? इथं फेडरलिस्टांचा जुना तुच्छतावादही मोडून काढायला हवा. डोंगरातले अडाणी लोक, त्यांना थुंकणारा पुढारी आवडला, एवढंच त्यांना दिसलं. डोंगरातल्या माणसांना दुसरंही बरंच दिसत होतं. त्याच जुलैमध्ये घरं, जमिनी आणि गुलाम यांच्यावर वीस लाख डॉलरचा नवा थेट कर बसला होता, सैन्य वाढत होतं, आणि त्याचा बोजा रोख पैसा दुर्मीळ असलेल्या शेतकऱ्यावर येणार होता. त्यातून पश्चिम व्हरमाँट म्हणजे न्यूयॉर्कच्या जमीनदारांशी, त्यांच्या शेरीफांशी आणि त्यांच्या न्यायालयांशी वीस वर्षं भांडलेला मुलूख. ग्रीन माउंटन बॉइज या तिथल्या लढाऊ टोळीत लायन स्वतः होता. बाहेरून आलेला न्यायाधीश आपल्या माणसाला बेड्या घालतो, हे दृश्य त्या लोकांना काय सांगत असेल हे समजायला लायनचं थुंकणं आवडावं लागत नाही. त्यांनी विचार करून, हिशेब करून मत दिलं. मत दिलं, एवढंच. निकालपत्र लिहिलं नाही.

आणि ही ‘जनता’ म्हणजे किती? १८०० च्या जनगणनेत व्हरमाँटची लोकसंख्या १,५४,४६५ भरली. लायन आणि विल्यम्स यांच्या मतांची बेरीज होते ७,०२०. त्या काळच्या मानानं व्हरमाँट उदारच होतं. मालमत्तेची अट नव्हती, चांगल्या वर्तनाची शपथ घेतलेल्या एकवीस वर्षांवरच्या कोणाही पुरुषाला मत होतं. शेजारच्या राज्यांना हे पचत नव्हतं. तरी बायका बाहेर होत्या, आणि पूर्व जिल्हा या निवडणुकीत नव्हताच.

पूर्व जिल्हा हा या गोष्टीत नेहमी गाळला जाणारा भाग. राज्यात काँग्रेसच्या जागा दोन होत्या, पश्चिमेची आणि पूर्वेची. पूर्वेची जागा फेडरलिस्ट लुइस मॉरिसकडे होती. १७९८ मध्येच राज्यभरातल्या मतदारांनी गव्हर्नर म्हणून फेडरलिस्ट आयझॅक टिचेनरला पुन्हा निवडलं. १७९९ मध्ये राजद्रोहाच्या कायद्याविरुद्ध व्हर्जिनियानं केलेले ठराव व्हरमाँटच्या विधिमंडळापुढे आले, तेव्हा विधिमंडळानं ते नाकारले. कारण दिलं की कायदा घटनेत बसतो की नाही हे ठरवणं विधिमंडळाचं काम नाही, न्यायालयाचं आहे. १८०० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत व्हरमाँटची चारही मतं अ‍ॅडम्सला गेली. ‘व्हरमाँटच्या जनतेनं राजद्रोहाचा कायदा झिडकारला’ असं म्हणणाऱ्यांनी हे चारही पुरावे एकामागोमाग वाचून पाहावेत. त्याच राज्याची तीच ‘जनता’ दोन वर्षांत दोन्ही बाजूंनी निकाल देते आहे. न्यायालय म्हणायचं तर फारच विसराळू न्यायालय!

लायनला स्वतःला असल्या न्यायालयावर किती विश्वास होता? १७९५ च्या निवडणुकीत तो इस्रायल स्मिथकडून हरला. ‘जनतेचा कौल’ मान्य करून तो घरी बसला नाही. त्यानं प्रतिनिधीगृहाकडे तक्रार केली की हॅनकॉक आणि किंग्स्टन या दोन गावांना फेरमतदानाची सूचनाच मिळाली नव्हती, सबब निकाल चुकीचा आहे. सभागृहानं चौकशी करून १७९६ मध्ये तक्रार फेटाळली आणि जागा स्मिथकडेच राहिली. लायननं केलं ते अगदी बरोबर होतं. निवडणूक ही माणसांनी चालवलेली यंत्रणा आहे, तिच्यात सूचनापत्रं पोचत नाहीत, चुका होतात, आणि त्या तपासायला दुसरी कोणीतरी जागा लागते. ‘जनतेच्या न्यायालया’चा हा आद्य नायक जनतेच्या निकालाविरुद्ध अपिलात गेला होता, ही गंमत त्याच्या आजच्या भक्तांना माहीत नसावी.

मग फेब्रुवारी १७९९ मध्ये त्याला वाचवलं कशानं? तो फिलाडेल्फियाला पोचला तसा डेलावेअरच्या जेम्स बेयर्डनं हकालपट्टीचा ठराव मांडला. शिक्षा झालेला माणूस कायदे करायला बसू शकत नाही, हा त्याचा मुद्दा. ४९ सदस्य ठरावाच्या बाजूनं होते, ४५ विरोधात. म्हणजे बहुमत लायनला हाकलायच्याच बाजूचं होतं. पण घटनेनं हकालपट्टीसाठी दोन तृतीयांश मतं मागितली आहेत. ९४ मतदानात ती ६३ होतात. १४ कमी पडली. लायनची खुर्ची टिकली ती या न पडलेल्या चौदा मतांवर. व्हरमाँटच्या ४,५७६ मतांनी फेडरलिस्टांपैकी कोणाचं मत वळलं असेल, तर त्याची खूण मतदानात दिसत नाही. मतं जवळपास पक्षानुसार पडली. बहुसंख्याकांच्या रागाला लगाम बसावा म्हणून केलेली एक कोरडी आकड्यांची तरतूद इथं उपयोगी पडली. जनभावनेची स्तुती करणाऱ्यांना असल्या तरतुदी सहसा आवडत नाहीत.

दयेचा मार्गही करून पाहिला होता. हजारो सह्यांचा अर्ज घेऊन जॉन ऑग्डन नावाचा पाद्री अ‍ॅडम्सकडे गेला. कैद्यानं स्वतः पश्चात्ताप दाखवलेला नाही, या कारणावर अ‍ॅडम्सनं नकार दिला. अर्जावर सह्या करणारे आणि मत देणारे बरेचसे एकच असणार. त्यांना राष्ट्राध्यक्षाला बदलता आलं असतं, पण त्यासाठी पुढची निवडणूक यायची होती. त्याच्याकडून माफी काढून घेता आली नाही.

या गोष्टीला नंतर एक शेपूट जोडलेलं आहे : तुरुंगातून निवडून आलेल्या लायननंच १८०१ मध्ये निर्णायक मत देऊन जेफरसनला राष्ट्राध्यक्ष केलं. वाचायला हे फारच छान आहे. कायद्याचा बळी स्वतःच्या हातानं सूड उगवतो, याहून चांगला शेवट कुठल्या नाटककाराला सुचणार? जेफरसन आणि आरन बर यांना समान मतं पडल्यामुळे निवड प्रतिनिधीगृहाकडे आली होती, आणि तिथं प्रत्येक राज्याला एक मत होतं. सोळापैकी नऊ राज्यं हवी होती. जेफरसनकडे आठ होती. व्हरमाँटचं मत दरवेळी वाया जात होतं, कारण लायन जेफरसनला मत देत होता आणि मॉरिस बरला. पस्तीस फेऱ्या असंच चाललं. १७ फेब्रुवारीच्या छत्तिसाव्या फेरीत मॉरिस बाजूला झाला, म्हणून लायनचं तेच जुनं मत राज्याचं मत ठरलं. त्याच फेरीत मेरीलँडही जेफरसनकडे गेलं, आणि डेलावेअरच्या बेयर्डनं, ज्यानं दोन वर्षांपूर्वी लायनला हाकलायचा ठराव आणला होता त्यानंच, आपलं मत कोरं ठेवलं. जेफरसनला दहा राज्यं मिळाली. लायननं छत्तीस फेऱ्यांत काहीही बदललं नव्हतं. बदलले ते फेडरलिस्ट. हिशेब काटेकोरच करायचा तर निकाल फिरवणाऱ्यांच्या यादीत तडजोडीला तयार झालेले मॉरिस आणि बेयर्ड आधी येतात. पण हातात चिमटा धरलेल्या माणसापुढे मुकाट्यानं सभागृहाबाहेर गेलेला माणूस कोणाच्या लक्षात राहणार?

महाराष्ट्राच्या ओळखीचं एक उदाहरण इथं आठवणारच. मुंबईच्या कामगार चळवळीतून पुढे आलेले, १९६७ मध्ये स. का. पाटलांना दक्षिण मुंबईत हरवणारे जॉर्ज फर्नांडिस १९७७ मध्ये बिहारमधल्या मुझफ्फरपूरहून तुरुंगात असताना तीन लाखांहून जास्त मताधिक्यानं निवडून आले. बेड्या घातलेला त्यांचा फोटो हाच त्यांचा प्रचार होता. बडोदा डायनामाइट खटल्यातून मात्र त्यांची सुटका मुझफ्फरपूरच्या मतदारांनी केली नाही. दिल्लीत सरकार बदललं आणि नव्या सरकारनं खटला मागे घेतला. मतांनी सरकार बदललं, हे खरं; पण खटला मागे घेण्याचा कागद सरकारनं काढला होता, आणि सरकार बदललं नसतं तर मुझफ्फरपूरचे तीन लाख त्या कागदाला पुरले नसते.

आणि ज्यांच्याकडे मतदारसंघ नव्हता त्यांचं काय? अँथनी हॅसवेल हा बेनिंग्टनचा संपादक. ‘व्हरमाँट गॅझेट’ हे त्याचं वर्तमानपत्र. लायनचा दंड भरण्यासाठी काढलेल्या लॉटरीची जाहिरात त्यानं छापली, तिच्यात मार्शलच्या वागणुकीवर कडक शब्द होते, आणि शिवाय सरकारवर टीका करणारा एक मजकूर त्यानं दुसऱ्या वर्तमानपत्रातून उचलला. १८०० मध्ये त्याच राजद्रोहाच्या कायद्याखाली त्याला दोन महिने कैद आणि दोनशे डॉलर दंड झाला. तो कुठल्याच निवडणुकीत उभा नव्हता. लायनला मतं देणारे हेच लोक हॅसवेलचे वाचक होते. त्यांच्याकडे त्याच्यासाठी मतपेटी नव्हती. त्यांनी जमलं ते केलं. गावानं ४ जुलैचा स्वातंत्र्यदिन चक्क पुढे ढकलला आणि ९ जुलैला, हॅसवेल सुटला त्या दिवशी, तो साजरा केला. बेनिंग्टनच्या या पाच दिवसांच्या उशिरात लायनच्या साडेचार हजार मतांइतकाच कायद्याचा निषेध आहे. पण त्याला कोणी न्यायालय म्हणत नाही, कारण त्यात कोणी निवडून आलं नाही.

‘जनतेचं न्यायालय’ या कल्पनेतली खोट हॅसवेलच्या बाजूला उभं राहिल्यावर चटकन दिसते. निवडणूक जिंकणं हीच निर्दोष ठरायची रीत असेल, तर ती रीत फक्त उमेदवारांसाठी आहे. कारकून, शिक्षक, छापखान्यातला जुळारी, खेड्यातला पोस्टमास्तर यांना तिथं प्रवेशच नाही. पुढाऱ्यांसाठी वेगळं न्यायालय आणि इतरांसाठी वेगळं, अशी वाटणी व्हरमाँटच्या शेतकऱ्यांना कोणी समजावून सांगितली असती तर ती त्यांनी लायनच्या चिमट्यानंच उचलून बाहेर फेकली असती. अशाच वाटणीविरुद्ध ते न्यूयॉर्कशी भांडले होते.

लायनबद्दल मग नेमकं काय म्हणता येतं? एका पक्षपाती कायद्याखाली, राजकीय मताबद्दल, त्याला शिक्षा झाली आणि ती अन्याय्य होती. ती अन्याय्य होती म्हणून. मतदारांनी त्याला पुन्हा निवडलं म्हणून नव्हे. समजा डिसेंबरमध्ये विल्यम्स जिंकला असता. मग ती शिक्षा न्याय्य ठरली असती का? मतं हाच निकाल मानणाऱ्याला इथं हो म्हणावं लागेल. समजा लायननं पत्र लिहिण्याऐवजी सरकारी पैसा खाल्ला असता आणि तरी तो निवडून आला असता. मग तो पैसा पाक झाला असता का? इथंही हो म्हणणं भाग आहे. बहुतेक वेळा या गोष्टीचा वापर होतो तो नेमका या दुसऱ्या ‘हो’साठीच, आणि म्हणून पत्रापायी तुरुंगात गेलेल्या माणसाचं नाव टेंडर खाल्लेल्यांच्या तोंडी ऐकायला मिळतं.

कायदा ठरल्या दिवशी, ३ मार्च १८०१ ला, आपोआप संपला. जेफरसननं शिक्षा झालेल्या उरलेल्यांना माफी दिली. लायन तोवर व्हरमाँटमधून निघालाच होता. त्यानं १८०० ची निवडणूक लढवली नाही, आणि त्याची जागा पुन्हा त्या इस्रायल स्मिथकडे गेली. पुढं केंटकीतल्या एडीव्हिलमधून तो काँग्रेसवर निवडून येत राहिला, १८११ पर्यंत. १८२२ मध्ये आर्कान्सॉच्या सीमाभागात, स्पाड्रा ब्लफ इथं तो वारला. तोवर दंडाचे पैसे परत मिळालेले नव्हते.

ते मिळाले ४ जुलै १८४० च्या कायद्यानं, त्याच्या वारसांना : १,०६० डॉलर ९६ सेंट, फेब्रुवारी १७९९ पासूनच्या व्याजासह. सभागृहाच्या समितीनं कारण दिलं ते असं की राजद्रोहाचा कायदाच घटनाबाह्य, म्हणून रद्दबातल होता. १९६४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक पदांवरच्या माणसांवर टीका करण्याचं स्वातंत्र्य रुंदावलं, तेव्हा पुरावा म्हणून याच परतफेडीचा दाखला दिला. डिसेंबर १७९८ मध्ये पश्चिम जिल्ह्यात कोणाला किती मतं पडली, याची त्या निकालपत्राला गरज पडली नाही.